शांततेची वाट न बघता ध्यान कसं सुरू करावं

"घरात जरा शांतता मिळाली की सुरू करीन." ध्यान शिकायचंय म्हणणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी हे वाक्य असतं. मीही चार वर्षं हेच म्हणत होते. कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट, सासूबाई, दोन मुलं, सकाळी साडेसहाला दारात शाळेची रिक्षा. शांतता काही मिळाली नाही. मग एका सकाळी वरणभाताचा कुकर लावला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला पाठ टेकून, जमिनीवरच बसले. डोळे मिटले आणि श्वासाकडे लक्ष दिलं. तिसऱ्या शिट्टीला उठून गॅस बंद केला. माझी सुरुवात तिथे झाली. त्याला आता अकरा वर्षं झाली.

हल्ली रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये नवीन येणाऱ्यांबरोबर मी बसते. त्यांच्याकडून तेच तेच प्रश्न येतात आणि ते सगळे खरे असतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांनी आजवर एकदाही ध्यान केलेलं नाही, त्यांनी हे वाचून उद्या सकाळी बसावं, एवढीच माझी इच्छा आहे.

बसण्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका

डोकं रिकामं करायचं नाहीये. एकही विचार येता कामा नये अशा समजुतीने बसणारा माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. त्या चार वर्षांत मी एका दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. फी भरपूर होती आणि 'विचारशून्य अवस्था' मिळेल असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे आपापले अनुभव सांगत होते आणि माझ्या डोक्यात मात्र धाकट्याची गणिताची वही आणि गॅसचा सिलेंडर. माझ्यातच काहीतरी कमी आहे असं वाटून मी पुढे कितीतरी दिवस बसलेच नाही. तो काळ वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

खरी क्रिया फार साधी आहे. लक्ष ठेवायला एक गोष्ट घ्यायची, सुरुवातीला श्वास. लक्ष तिथे ठेवायचं. ते सुटतं. सुटलंय हे थोड्या वेळाने आपल्याला कळतं. कळलं की न चिडता परत आणायचं. दहा मिनिटांत मन चाळीस वेळा पळालं आणि तुम्ही चाळीस वेळा परत आणलंत, तर तुमचा चाळीस वेळा सराव झाला. त्या दिवशी ध्यान 'लागलं नाही' असं म्हणू नका. तालमीत जोर काढणारा मुलगा खाली गेला म्हणून हरला असं कुणी म्हणतं का? खाली जाणं हा जोराचाच अर्धा भाग असतो.

जागा आणि वेळ

वेगळी खोली लागत नाही. एक कोपरा ठरवा आणि रोज तिथेच बसा. देवघरासमोर, दिवाणाच्या कडेला, गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी, कुठेही. रोज एकाच जागी बसलं की काही आठवड्यांनी तिथे टेकताच शरीर आपोआप सैल होतं. हे मी स्वतःत आणि इतरांतही पाहिलंय.

वेळ सकाळची उत्तम, पण कारण साधं आहे: त्या वेळी फोन अजून हातात आलेला नसतो. हिंजवडीला जाणारे काही जण म्हणतात, सकाळी सातची बस असते, जमत नाही. त्यांनी संध्याकाळी घरी आल्यावर, हातपाय धुऊन, चहाच्या आधी बसावं. जेवणानंतर लगेच बसू नका, झोप येते. वेळ कोणतीही घ्या, फक्त ती एखाद्या रोजच्या कामाला बांधा. 'दात घासले की' किंवा 'दूध तापवून झालं की' असं ठरवलं तर टिकतं. 'सकाळी कधीतरी' टिकत नाही.

पहिले दोन आठवडे दहा मिनिटं पुरेत. फोनवर गजर लावा, आवाज मऊ ठेवा आणि फोन हाताला लागणार नाही इतका लांब, पालथा ठेवा. जोरात असलात तरी पहिल्या दिवशी अर्धा तास बसू नका. तिसऱ्या दिवशी त्याच अर्ध्या तासाचा कंटाळा येतो.

बसायचं कसं

पद्मासन लागत नाही. साधी मांडी चालते, खुर्ची चालते. एकच गोष्ट बघा, पाठ ताठ हवी आणि तरी आरामात हवी. मांडी घातल्यावर गुडघे वर आणि कंबर खाली राहत असेल तर पाठीला बाक येतो आणि पाचव्या मिनिटाला कंबर बोलायला लागते. उपाय घरातच आहे. सतरंजीवर बसा आणि बुडाखाली घोंगडी किंवा जाड चादर चार घड्या करून घ्या. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की कणा आपसूक सरळ होतो. १९३७ साली पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी घोंगड्या, पट्टे, लोड, खुर्च्या अशी साधी साधनं वापरून योग शिकवला. ज्यांचं शरीर ताठ आहे, वय झालंय, दुखणं आहे त्यांनाही आसन जमावं हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा आधार घेणं म्हणजे कमीपणा असं पुणेकराने तरी मानू नये.

गुडघे दुखतात त्यांनी सरळ खुर्चीत बसावं. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत, टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. हात मांडीवर. हनुवटी किंचित आत. जीभ सैल. आपण दात किती घट्ट आवळून बसलोय हे कित्येकांना इथे पहिल्यांदा कळतं, तेव्हा जबडा मुद्दाम एकदा सैल सोडा.

मांडीत मुंग्या आल्या तर घाबरू नका. शिरेवर दाब पडलेला असतो. हळूच पाय मोकळा करा, मिनिटा-दोन मिनिटांत जातात. कळ सोसत बसण्यात पुण्य नाही. गुडघ्यात तीव्र कळ आली तर लगेच स्थिती बदला.

श्वास बघणं

आता मुख्य काम. इथे घाई करू नका.

आधी तीन श्वास मुद्दाम सावकाश घ्या आणि सोडताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, ही शरीराचीच रचना आहे. म्हणून लांब उच्छ्वासाने माणूस निवतो. आपण 'हुश्श' करतो ते उगाच नाही. तीन झाले की श्वासावरचा ताबा सोडा. यापुढे तो जसा येईल तसा येऊ द्या. आखूड असेल तर आखूड, लांब असेल तर लांब. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघावं, तसं.

बघायचं कुठे? नाकपुड्यांच्या कडेला आणि वरच्या ओठाच्या वर, जिथे लहान मुलाला शेंबूड पुसतो, तेवढ्याच जागेत. तिथे लक्ष टिकवलं की एकेक बारकावा कळायला लागतो. आत येणारी हवा गार असते, बाहेर जाणारी कोमट. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे हा फरक इतका स्पष्ट लागतो की नवख्यालाही पहिल्याच दिवशी कळतो. एप्रिल-मेमध्ये तो जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा फक्त स्पर्श शोधा. एका नाकपुडीतून हवा जास्त येतेय आणि दुसरी चोंदल्यासारखी वाटतेय, हेही लक्षात येईल. ती सर्दी नव्हे. नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने मोकळ्या होत असतात, आपण आयुष्यभर तिकडे बघितलेलं नसतं इतकंच. श्वास सोडून झाल्यावर आणि पुढचा घ्यायच्या आधी एक बारीकसा थांबा असतो. तो ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी तुम्हाला फार बरं वाटेल. तो लांबवायला मात्र जाऊ नका.

नाकापाशी काहीच कळत नसेल तर हात बेंबीवर ठेवा आणि पोटाचं वरखाली होणं बघा. तेही तितकंच चांगलं.

पहिल्या महिन्यात मोजण्याचा आधार घ्या. प्रत्येक उच्छ्वासाला मनात एक, दोन, तीन असं दहापर्यंत, मग पुन्हा एक. मध्येच आकडा हरवला तर एकपासून. तेरा-चौदापर्यंत गेलात तर मन यंत्रासारखं मोजत होतं आणि तुम्ही दुसरीकडे होता, मग तरीही एकपासून. काही परंपरांमध्ये मोजणं, नाम घेणं असं काहीच जोडत नाहीत, फक्त नैसर्गिक श्वास बघायला सांगतात. तुम्ही तशा ठिकाणी शिकायला गेलात तर तिथे त्यांचं ऐका. घरात एकट्याने सुरुवात करणाऱ्याला आकड्यांची काठी उपयोगी पडते. मोठं माणूस आरामात बसलेलं असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतं, म्हणजे दहा मिनिटांत शंभर-सव्वाशेच्या वरच. त्यातले सलग दहा नीट मोजता आले तर पहिल्या आठवड्यात तो दिवस उत्तम समजा.

मन पळतं तेव्हा

कुठे पळतं ते एकदा ओळखलं की काम हलकं होतं. बहुतेक वेळा तीनच ठिकाणं असतात: झालेलं भांडण, व्हायचं काम आणि खाणं. पळालंय असं कळलं की मनात हळूच एक शब्द म्हणा, 'विचार' किंवा 'आठवण' किंवा 'काळजी'. नाव दिलं की त्याची पकड ढिली होते. मग परत नाकापाशी. 'परत गेलास का!' असं स्वतःवर खेकसू नका. अंगणातून रस्त्यावर धावणारं नातवंड आजी बोटाला धरून आत आणते ना, दिवसातून वीस वेळा, तशी आजी व्हा.

झोप येत असेल तर डोळे अर्धवट उघडून समोरच्या फरशीवर नजर ठेवा. तरीही डुलकी लागत असेल तर रात्रीची झोप कमी पडतेय. आधी ती पूर्ण करा.

कधी कधी काही कारण नसताना डोळ्यांतून पाणी येतं. आमच्या हॉलमध्ये एक निवृत्त काका दुसऱ्याच रविवारी रडले आणि ओशाळून उठायला लागले. बसून राहा, म्हटलं. घाईगर्दीत मागे सारलेलं काहीतरी वर येतं. रुमाल जवळ ठेवावा, पाणी येऊ द्यावं आणि श्वासाकडे परत यावं.

आवाजांचं काय करायचं

पुण्यात राहून आवाज टाळता येत नाहीत. घंटागाडी येते, शेजारी मिक्सर लागतो, खाली कुणीतरी गाडीला किक मारत असतं. आणि पाऊस स्थिरावला की ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांना गणपती येईपर्यंत रोज संध्याकाळी ते ऐकावे लागतात. ढोल बंद व्हायची वाट बघाल तर अनंतचतुर्दशी उजाडेल.

माझी बहीण नदीपात्राजवळ राहते. एका श्रावणात मी तिच्याकडे आठवडाभर होते आणि नेमकी माझी संध्याकाळची वेळ सरावाची वेळ होती. पहिल्या दिवशी दात-ओठ खात बसले. दुसऱ्या दिवशी श्वासाकडे बघणं सोडून दिलं आणि आवाजच लक्ष ठेवायला घेतला. ढोलाचा ठोका कानाच्या आधी छातीत लागतो, बरगड्यांच्या मधोमध. ताशाची तर्री वर, कपाळाच्या आसपास. दोन ठोक्यांमध्ये एक रिकामी जागा असते आणि ती ठेका बदलला की लहानमोठी होते. आणि हे सगळं चालू असताना आणखी एक गोष्ट वेगळीच चालली होती: 'यांना कळत नाही का, परीक्षा असतात, आजारी माणसं असतात.' खांदे वर चढलेले, मुठी वळलेल्या. ठोका तर क्षणात संपत होता. मुठी मात्र मिटलेल्याच राहत होत्या.

ध्यानात मला जे काही कळलंय त्यातलं सगळ्यात मोलाचं मी त्या संध्याकाळी शिकले. आवाज एक आणि त्याच्यावरची आपली चिडचिड दुसरी. पहिल्यावर आपला इलाज नसतो. दुसरी अंगात कुठे धरून ठेवलीय हे दिसलं की ती सुटते. मुठी उघडल्या, खांदे खाली आले. ढोल तसेच वाजत होते.

तुम्हीही हेच करून बघा. मोठा आवाज आला की दोन-तीन मिनिटं त्यालाच लक्ष ठेवायची वस्तू करा. कुठून येतो, अंगात कुठे लागतो, कधी संपतो. मनात 'आवाज' एवढंच नाव द्या, 'शेजाऱ्यांचा मिक्सर' म्हणू नका, त्यातून शेजाऱ्यांची अख्खी कुंडली सुरू होते. मग श्वासाकडे परत या.

पहिल्या महिन्यानंतर

दहा मिनिटं सहज होतात असं वाटलं की पंधरा करा, मग वीस. वीस मिनिटं रोज, यापुढे वर्षभर वाढवलं नाही तरी चालतं. गजर वाजला की ताडकन उठू नका. दोन तळहात एकमेकांवर घासून डोळ्यांवर ठेवा आणि मग उठा. उठल्यावर पाच मिनिटं तरी फोन बघू नका.

दिवसातही सराव मिसळा. सिग्नलला लाल आकडा साठवर असेल तर तेवढ्या वेळात बारा-पंधरा श्वास होतात. गाडीवर असताना डोळे अर्थातच उघडे, फक्त हँडल किती आवळलंय ते बघा आणि बोटं सैल करा. मेट्रोत बसायला जागा मिळाली तर दोन स्टेशनं श्वासाला द्या.

बाहेर बसावंसं वाटलं तर शहरात जागा आहेत. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर हे साधारण आठव्या शतकातलं, एका खडकात कोरलेलं लेणं. बाहेर एवढी रहदारी असून आत गेल्यावर दगडाचा गारवा आणि शांतता दोन्ही लागतात. सिंहगड रस्त्यावरची जपानी धर्तीची पु. ल. देशपांडे बागही सकाळी चांगली. वेताळ टेकडीवर किंवा हनुमान टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी उतरायच्या आधी थोडा वेळ बसावं. पण पहिला महिना घरच्या कोपऱ्यातच काढा. जागेची सवय आधी हवी.

पुढे कुणाकडून तरी शिकायचं असेल तर

विपश्यनेचं, म्हणजे श्वासापासून सुरू करून अंगातल्या संवेदना तटस्थपणे बघायला शिकवणाऱ्या ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर हा अनेकांचा पुढचा टप्पा असतो. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले. इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र १९७६ पासूनचं. पुण्यात स्वारगेटला दादावाडीत एक केंद्र आहे आणि आळंदीजवळ मरकळला दुसरं. राहण्या-जेवणाची फी नसते. ज्यांनी एक शिबिर पूर्ण केलंय त्यांच्याच दानावर हे चालतं, आणि मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पण तयारीने जा. पहाटे चारला घंटा होते, दिवसाला दहाएक तास बसायचं असतं, फोन जमा करावा लागतो आणि जवळजवळ सगळे दिवस आर्य मौन पाळायचं असतं, म्हणजे इतर साधकांशी बोलणं नाही आणि खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस फक्त श्वास, म्हणजे आनापान. घरी तीन-चार महिने रोज बसलेल्या माणसाला हे झेपतं. थेट जाणाऱ्यांतलेही बरेच पार पाडतात, पण त्यांचे पहिले दिवस फार जड जातात.

प्राणायामापासून सुरुवात करायची असेल तर लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते स्थापन केलं आणि योगाच्या परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला.

शिक्षक निवडताना एकच कसोटी लावा: तो तुम्हाला घरी रोज बसायला सांगतो का? जो दोन दिवसांत आयुष्य बदलून देतो म्हणतो किंवा औषधं बंद करा म्हणतो, त्याच्याकडून नमस्कार करून परत या.

जपून कुणी बसावं

डिप्रेशनची किंवा मनाच्या दुसऱ्या आजाराची औषधं चालू असतील, पूर्वी भास व्हायचे, किंवा एखाद्या मोठ्या आघातातून जात असाल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. औषधं स्वतःहून कमी करू नका. लांब मौनाची शिबिरं अशा वेळी नकोतच. डोळे मिटल्यावर धडधड वाढत असेल, गुदमरल्यासारखं होत असेल तर डोळे उघडा, पायाखालची फरशी जाणवू द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, उठून पाणी प्या. पुन्हा पुन्हा तसं होत असेल तर बसणं थांबवून मदत घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे.

खंड पडला तर

पडतोच. पाहुणे येतात, मुलाला ताप येतो, दिवाळीत दहा दिवस कुठे जातात कळत नाही. बुडलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम तासभर बसू नका. पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू करा, पहिल्या दिवसासारखं, दहापर्यंत मोजत. आणि मधल्या दिवसांत सतरंजी माळ्यावर टाकू नका. घडी करून त्याच कोपऱ्यात, येता-जाता दिसेल अशी राहू द्या.